वालूरच्या लग्नाचं सरपण

परवा आमच्या शेजाऱ्यांचा जुना लिंब वाऱ्यानं पडला. तो तोडायला देवगाव फाट्याहून एक माणूस पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आला. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसलो. माझ्या वयाला दुसरं काम काय! एका मिठीत न मावणारा बुंधा त्यानं लोळवला, मशीन सुरू केली आणि सरळ रेषेत उभा चिरत गेला. भुसा कसला, शेवया पडत होत्या शेवया. चुलीवर चहाचं आधण होतं, ते उकळायच्या आत ओंडक्याच्या दोन फाका झाल्या. त्याच कामाला मी आणि माझा जोडीदार गफूर अर्धा दिवस घालायचो, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना हात तोंडापर्यंत जात नसे.

काम आटपून तो माणूस आमच्याकडं पाणी प्यायला आला. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली एक ओंडका पडलेला आहे, तो त्याला दिसला. ओंडक्याच्या पाठीवर उभी खाच आहे, वीतभर खोल, आणि पुढं काही नाही.

"बाबा, हे कुणी अर्धंच सोडलंय? सरका, दोन मिनिटांत मोकळं करतो. तुमच्याकडनं काही घेणार न्हाई."

"नको," मी म्हणालो.

"अवो, किडं लागायलेत त्याला. जळतन तरी होईल."

"नको म्हणलं ना. जळतन करायचं न्हाई ते."

माझा आवाज जरा चढलाच असावा. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि म्हाताऱ्याच्या नादी कुठं लागा म्हणून निघून गेला. दिवाळी अंकाच्या मंडळींनी 'तुमच्या धंद्यातलं काही लिहा' असं दोनदा सांगून झालं होतं. काय लिहावं ते सुचत नव्हतं. त्या माणसानं सुचवलं म्हणायचं.

माझा धंदा लाकडं फोडायचा. निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या आधीची दहा-बारा वर्षं, सेलूत आणि आसपासच्या गावांत ज्या घरी लग्न, बारसं, तेरावं असेल त्या घरी आम्ही आधी पोचायचो आणि आचारी मागून यायचा. लोकांना वाटतं, लाकूड फोडायला काय लागतं, उचलली कुऱ्हाड की घातली. घाला की! बाभळीच्या गाठीवर एकदा घालून बघा. कुऱ्हाड उसळून नडगीवर बसली म्हणजे समजतं काय लागतं ते.

बारीक लाकूड कुऱ्हाडीनं फुटतं, त्याचं कौतुक नाही. मोठ्या ओंडक्याला पाचर लागते. पाचर म्हणजे एका बाजूनं निमुळता केलेला लोखंडाचा ठोकळा. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना पडलेली चीर हुडकायची, तिच्यात पाचर धरायची आणि वरून घण घालायचा. लाकूड सरळ असलं तर चीर पळत पळत दुसऱ्या टोकाला जाते. पण झाड पिळाचं असलं, वाऱ्यात गरगरत वाढलेलं असलं, तर ते पाचर घेतच नाही, मागं थुंकतं. तेव्हा आरा काढायचा. आरा म्हणजे दोन माणसांनी ओढायची पुरुषभर लांबीची करवत. ओंडक्याचं एक टोक लाकडी घोडीवर चढवायचं, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली बसायचं, आणि ओंडका लांबीच्या बाजूनं वीतभर खोल चिरून घ्यायचा. त्या खाचेत ओळीनं तीन पाचरी बसवायच्या आणि त्यांच्यावर पाळीपाळीनं घण घालायचा. मग आतून करकर ऐकू येते. ती आली की घण खाली ठेवावा आणि गप्प उभं राहावं. ओंडका आपला आपण उघडतो. ते बघायला लग्नघरची कामाची माणसंसुद्धा हातातलं टाकून थांबत.

खाली बसायचा तो गफूर. सगळा भुसा त्याच्या तोंडावर पडायचा, म्हणून तो डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळून घ्यायचा. वर उभा राहून रेषा सांभाळायचो तो मी. आणि लाकूड ओळखायचं कामही माझंच. त्याचा मला भारी तोरा होता. साल गेलेलं, उन्हापावसात काळं पडलेलं, वाळवीनं मातीत माखलेलं लाकूड असलं तरी मी कुऱ्हाडीचा एक टोचा मारून सांगायचो, हा लिंब, ही बाभळ, हा धावडा. शंका आलीच तर भुसा जिभेवर ठेवायचा. बाभळ तुरट लागते, जीभ आकसते. लिंब कडूजहर, सांगायलाच नको. सेलूतले एक पेशकारसाहेब आपल्या हम्मामखान्याचं लाकूड मी पाहिल्याशिवाय घेत नसत. "उस्ताद, धुवां नक्को होना, खाली आग होना," असं म्हणायचे, म्हणजे धूर नको, नुसती आग हवी. मी एकेक फाक हातात घेऊन नापास करायचो आणि गाडीवाला मला मनातल्या मनात शिव्या घालायचा.

असा मी. आता वालूरचं सांगतो.

वालूरला ग्यानबा नावाचे शेतकरी होते. जेमतेम जमीन, दोन बैल, एकुलती मुलगी सुंदरा. तिचं लग्न ठरलं होतं आणि सोयरे गावातले वजनदार. ग्यानबांची थोरली बहीण ठकूबाई, विधवा, भावाकडंच राहायची आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. ग्यानबा महिनाभर आधीच मला घेऊन सरपण बघायला निघाले. चारठाण्याच्या वाटेला एका बांधावर मोठं झाड दोन वर्षांपासून पडलेलं होतं. फांद्या, काटेकुटे लोकांनी कधीच नेले होते. उघडा बुंधा तेवढा राहिला होता. मी टोचा मारला. आतून लालसर दिसलं.

"बाभळ हाय," मी म्हणालो. "निखारा लय धरंल. डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून घेतलं ते मीच. ना भुसा चाखला, ना दुसरा टोचा मारला. तोडणीच्या दिवशी मला ताप होता. गफूरनं दुसरा गडी घेऊन बुंध्याचे तीन ओंडके केले आणि ग्यानबांच्या दारात आणून टाकले. गफूरला आरा ओढायचं विचारा, लाकडाची जात त्याला कळत नसे, आणि 'कोंडिबा बोल्या तो बोल्या' असा त्याचा माझ्यावर भरवसा.

लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा आम्ही वालूरला पोचलो. मांडव उभा होता. बायका आतल्या घरात गहू निवडत गाणी म्हणत होत्या. ओंडके पिळाचे होते, म्हणून सकाळीच पहिला घोडीवर चढवून आरा लावला. वीतभर खाच झाली असेल. भुसा खाली पडत होता आणि माझं मन खात होतं. बाभळीचा भुसा असा दिसत नाही. मी आरा थांबवला. चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तुरट लागेना. पुन्हा ठेवली. जीभ आपली मोकळीच.

ती सौंदड होती. शमी म्हणतात तीच.

सौंदडीत वाईट काही नाही, चांगली जळते. पण ग्यानबांच्या घराण्याचं देवक सौंदड होतं. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो. आमच्याकडं घराण्याघराण्याचं एकेक देवक असतं, कुणाचं उंबर, कुणाचं जांभूळ. लग्नात त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणून मांडवात बसवतात, तिच्या साक्षीनं अक्षता पडतात. त्या झाडाला ते घर कुऱ्हाड लावत नाही, ते लाकूड चुलीत घालत नाही. आणि इथं मी त्यांच्या मांडवाच्या दारात त्यांच्या देवालाच आरा लावून बसलो होतो. दोन दिवसांनी त्याच्यावर बुंदी तळली जाणार होती.

मी खाली उतरून गफूरच्या कानात सांगितलं. त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं.

"किसको बोलू नक्को," तो म्हणाला. "जळून गेल्यावर काय, सगळी राखच."

"मला माहीत हाय ना पण."

"मग सांग जा. लगीन मोडंल. चालंल तुला?"

त्याचं खोटं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ग्यानबांनी कपाळाला हात लावला असता, भटजीला बोलावलं असतं, तो काय सांगेल देव जाणे. सोयऱ्यांच्या कानावर गेलं असतं की मांडवातच देवक चिरलं, तर त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यांनी तिथूनच वऱ्हाड फिरवलं असतं. पोरीचा यात काय गुन्हा? आणि गप्प राहिलो असतो तर ती माणसं आपल्या देवावर रांधून जेवली असती, आणि ते मी बघत उभा राहिलो असतो.

तेवढ्यात ग्यानबाच आले. "का थांबलात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घोटाळा झाला ग्यानबा. हे बाभळ न्हाई, बिब्बा हाय. ह्याचा धूर लागला तर वऱ्हाडाची तोंडं सुजतील. मी चुकलो."

बिब्ब्याचं नाव घेतलं की माणसं दोन पावलं मागं सरतात. त्याचा चीक उततो, धूरसुद्धा बाधतो. ग्यानबा सरले नाहीत. त्यांनी ओंडक्याकडं पाहिलं, भुशाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. तसेच आत गेले आणि ठकूबाईला घेऊन आले. ती खाली वाकली, भुसा तळहातावर घेतला, नाकाशी नेला. मग तो होता तिथंच हलकेच परत ठेवला.

"बिब्बाच हाय," ती म्हणाली. "इथं ठेवू नका. गाडी जुंपा."

मग तिनं आतून तांब्या आणला आणि त्या खाचेत पाणी ओतलं. हळूहळू, धार धरून, सगळ्या लांबीवर. मी म्हणालो, असंल बायकांची काही रीत, बिब्ब्याची आग निवायची. माझी अक्कल तेवढीच चालली.

ओंडके गेले, पण चुलवणात घालायचं काय? दोन दिवसांत वाळलेलं एवढं सरपण आणायचं कुठून? ओल्या लाकडावर लग्न रांधलं तर आचारी पळून जातो. सेलूत मोंढ्याच्या आसपास विचारलं, कुणाकडं नव्हतं. लग्नसराईचे दिवस, ज्याचं त्याला पुरत नव्हतं. वाळलेलं, मापात फोडलेलं, एका लग्नाला पुरेल एवढं लाकूड मला ठाऊक असलेल्या एकाच जागी होतं. आमच्या परसात.

ते माझ्या वडिलांचं होतं. आबाही लाकूडफोडेच. जन्मभर दुसऱ्यांच्या चिता रचायला लाकडं दिली, तेव्हा आपली आपण तयार ठेवावी म्हणून त्यांनी पाच-सहा वर्षं एकेक ओंडका निवडून फोडला होता आणि पत्र्याखाली रचून ठेवला होता. आंबा, लिंब, खाली घालायला बाभळ. सगळ्या फाका एका लांबीच्या. कुणी त्यातलं ढलपं जरी उचललं तरी म्हातारा काठी घेऊन उठायचा. त्यांच्यापुढं मी उभा राहिलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांना एकट्यालाच.

आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "खोटं बोललास ते बरं केलंस. पण बिब्बा? दुसरं झाड सुचलं न्हाई व्हय रे तुला? बिब्ब्याचं लाकूड हलकं, फोपसं. तुमचा ओंडका गाडीत चढवायला माणसं किती लागली?"

"सहा."

"सहा माणसांचा बिब्बा!" ते इतके हसले की खोकला लागला. मग खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "ने ते. मला कुठं घाई हाय? पोरीचं जेवण होऊ दे आधी."

"मी पुन्हा रचून देतो आबा. शिमग्याच्या आत."

"दे बाबा. पण माझ्या लांबीचं दे. तुझ्या अंदाजावर जाऊ नको."

सुंदराचं लग्न झालं. चुली भडकल्या, बुंदी पडली, सोयरे जेवून ढेकर देत गेले. मांडवात सौंदडीची हिरवी डहाळी बसवली होती. तिच्यासमोरून जाताना मी मान खाली घातली. ग्यानबांनी टोपी-नारळ देऊन माझा मान केला. त्या घरात पुन्हा बिब्ब्याचा शब्द निघाला नाही.

बाहेर मात्र निघाला. कोंडिबानं बिब्बा बाभळ म्हणून दिला, ही बातमी आठ दिवसांत सेलूभर झाली. मला हाका यायला लागल्या त्या 'बिब्बेवाले' म्हणून. गाडीवाले, ज्यांची लाकडं मी नापास करायचो, त्यांनी तर सणच साजरा केला. पेशकारसाहेबसुद्धा एक दिवस मिशीत हसून म्हणाले, "क्यों उस्ताद, बिब्बा तो नहीं?" आणि पुढच्या खेपेपासून त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. ते मला फार लागलं. तोंड उघडून खरं सांगावं असं शंभरदा वाटलं. पण सांगितलं असतं तर सासरी नांदत्या पोरीच्या डोक्यावर ते जाऊन पडलं असतं. गिळलं.

तीनपैकी दोन ओंडके मी दुधनेच्या काठी ठेवून आलो, ते पुरात गेले. खाच पडलेला तेवढा सोडवेना. आपल्या चुकीचं तोंड आपल्याला दिसत राहावं म्हणून अंगणात ठेवला. तोच हा.

आणि आबांची रास? शिमगा गेला. म्हटलं दिवाळीला. दिवाळी गेली. लोकांच्या दारी मी रोज फोडत होतो आणि घरी आलो की हात उचलत नव्हते. पत्र्याखाली कोंबड्या बसायला लागल्या. आबा एक शब्द बोलले नाहीत. अधूनमधून त्या रिकाम्या जागेकडं बघायचे, मग माझ्याकडं, आणि तंबाखू मळायला लागायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी भादव्यात झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. त्या झडीत एका पहाटे आबा गेले.

माणसं जमली. तिरडी बांधायला घेतली. एकानं साधंच विचारलं, "लाकडं?" मी परसात जाऊन उभा राहिलो. माझ्याकडं होती ती ओली. दाबली तर पाणी निघेल अशी. शेजारीपाजारी फिरलो. कुणाच्या चुलीपाशी चार काटक्या, कुणाच्या पडवीत दोन ढलप्या. अख्ख्या तालुक्याच्या चुली ज्यानं पेटवल्या त्या माणसाला जाळायला त्याच्या लाकूडफोड्या पोराकडं एक कोरडी फाक नव्हती. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लोकांसमोर हुंदके देऊन रडलो. लोकांना वाटलं बाप गेला म्हणून रडायलाय. बाप गेला होताच, पण मी लाजेनं रडत होतो. गफूरला हाक मारावी म्हटलं तर तोही कुठं दिसेना. सकाळीच सायकल घेऊन गेला असं कुणीतरी सांगितलं.

दुपार टळली. आता रॉकेल ओतून ओल्यावरच काय ते करू, असं म्हाताऱ्यांचं ठरत होतं. तेवढ्यात वेशीकडून बैलगाडी आली. गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर घोंगड्या. बैल गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. पुढं ग्यानबा, मागं भिजून कावळा झालेला गफूर, सायकल गाडीला बांधलेली.

ग्यानबांनी ताडपत्री उचलली. आत कोरडी ठणठणीत लाकडं होती. सगळ्या फाका एका लांबीच्या. आबांच्या लांबीच्या.

गफूर खाली मान घालून म्हणाला, "ते लाकूड कुणाचं होतं ते मीच बोललो होतो त्यांना. लग्नाच्या दिवशीच."

"ठकूआक्कानं त्याच आठवड्यात दुसरं लाकूड फोडून घेतलं," ग्यानबा म्हणाले. "लांबीला तुमच्या गाडीतली एक फाक ठेवून घेतली होती. दीड-दोन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर हाय. कुणाला हात लावू देत न्हवती. आबांचं हाय म्हणायची."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"तुमी तरी कुठं बोललात?"

ग्यानबांनी गाडीतली वरची फाक उचलून माझ्या दोन्ही हातांत दिली.

"आक्काचा निरोप हाय," ते म्हणाले. "कोंडिबांना म्हणावं, निर्धास्त रचा. बाभळ हाय. बिब्बा न्हाई आणि सौंदडबी न्हाई."

फाकेचं एक सालपट निघालं होतं. हाताच्या सवयीनं मी ते तोडलं आणि जिभेवर ठेवलं. तुरट होतं.